साप नाही जी, कलम आहे

फॉरवर्ड दुसऱ्यांच्या ग्रुपवर फिरत होतं तोवर मी गप्प होतो. मग ते नागपुरात, महाल भागातल्या आमच्या घरी मोठ्याईच्या मोबाइलवर पोचलं. पुतण्याचे हेडफोन कपाटात गेले आणि 'पोराला कुठंतरी दाखवून आणा' सुरू झालं. मजकूर असा: स्वीडनचा ओपेथ हा बँड सैतान पुजतो, नावही सैतानाचंच, त्यांनी चर्च जाळली, नव्या गाण्यांना नावं नाहीत, फक्त सापाची खूण आणि आकडा, गाता येत नाही म्हणून गुरगुरतात आणि ऐकणाऱ्याच्या अंगात येतं.

आधी साप. अल्बम 2024 चा, नाव 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'. म्हणजे मृत्युपत्र! पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. श्रीमंत बाप वारलेला, पोरं मृत्युपत्र ऐकायला जमलेली, आणि वाचता वाचता घराण्याची एकेक भानगड बाहेर येते. आठपैकी सात गाणी ही त्या मृत्युपत्राची कलमं. एसवर एस चढवल्यासारखी ती खूण (§) म्हणजे 'कलम', कायद्याच्या इंग्रजी पुस्तकांत पानोपानी असते. हायकोर्टाचं खंडपीठ असलेल्या गावात हे मी सांगू? आमच्याच वाड्याच्या वाटणीचे कागद मोठ्याईच्या उशाखाली आहेत. यात सैतान नाही जी, इस्टेट आहे.

नाव विल्बर स्मिथच्या 'द सनबर्ड' कादंबरीतल्या एका शहरावरून घेतलंय. चर्च जाळली ती नॉर्वेतल्या ब्लॅक मेटल या कर्कश रॉक प्रकारवाल्यांनी, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला. देश वेगळा, संगीत वेगळं, माणसं वेगळी. पुढे.

एक गोष्ट मान्य करावी लागते. 2005 च्या 'घोस्ट रेव्हरीज'मध्ये सैतान आहे. आईचा खून केलेला माणूस आणि त्याच्या मागे लागलेली पिशाच्चं, अशा कल्पनेवर बँडचा गायक मिकाएल ओकरफेल्टनं तो लिहायला घेतला होता. बरं मग? विहिरीतल्या हडळीच्या गोष्टी सांगून मोठ्याईनंच आम्हाला घास भरवलेत.

गाता येत नाही म्हणे! 2003 चा 'डॅम्नेशन' लावून बघा. एकही गुरगुर नाही, काही गाणी तर भावगीताच्या शेजारी बसतील. 2011 च्या 'हेरिटेज'पासून 2019 पर्यंत सलग चार अल्बम साध्या गळ्यानं गायले, 1970 च्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रॉकच्या नादात. त्यावर जुने चाहते रुसले, त्यात मीही होतो. 2024 मध्ये गुरगुर परतली, सोबत जेथ्रो टल या जुन्या रॉक बँडच्या इयान अँडरसनची बासरी. आता, पोरगा रात्री दोनपर्यंत ऐकत बसतो हे खरं आहे. त्यासाठी त्याला रागवा, माझी ना नाही.

राहिलं अंगात येणं. तो आवाज खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांतून काढतात, त्याला रियाज लागतो. आणि नागपुरात राहून आरडाओरड्याला भ्यायचं? तान्ह्या पोळ्याला काळी मारबत, म्हणजे ईडापीडा घालवायचा पुतळा, निघते तेव्हा अख्खं महाल 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणून बोंबलतं. त्यात मोठ्याईचा आवाज दरवर्षी सगळ्यांच्या वर असतो.