खुलासा: अ‍ॅनिमोनीशिवाय क्लाउनफिश मरतो का?

क्लाउनफिश हा छोटा रंगीत समुद्री मासा, तर अ‍ॅनिमोनी म्हणजे खडकाला चिकटून राहणारा, डंख मारणाऱ्या शुंडकांचा समुद्री प्राणी. ‘क्लाउनफिश आणला की त्याच दिवशी अ‍ॅनिमोनीही सोडा, नाहीतर मासा जगत नाही,’ असा सल्ला घरी मत्स्यालयाची टाकी ठेवणाऱ्यांमध्ये सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. समुद्रात माशाला अ‍ॅनिमोनीचा आसरा लागतो, कारण तिथे त्याला खाणारे असतात. टाकीत ते नसतात, त्यामुळे तो एकटाही वर्षानुवर्षे मजेत राहतो.

या सल्ल्यात खरा बळी जातो तो अ‍ॅनिमोनीचा. तिच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं आणि बरंचसं अन्न तेच पुरवतं. म्हणून भरपूर प्रकाश हवा, आणि पाण्याची क्षारता व तापमान स्थिर हवं. नव्या टाकीत हे जमत नाही. निदान ६ महिने थांबा. पांढरीशुभ्र अ‍ॅनिमोनी दिसायला सुंदर, पण ते शैवाल गमावल्याचं लक्षण. तशी विकत घेऊ नका. जागा पसंत नसली तर ती चालू लागते, तेव्हा पंपाच्या तोंडाला जाळी आधीच लावा.

‘मासा तिला भरवतो’ हे अर्धसत्य. माशाच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया शैवालाला खत म्हणून मिळतो खरा, पण त्याने प्रकाशाची उणीव भरत नाही. आणि एवढं करूनही मासा तिच्याकडे ढुंकून न पाहता कोपऱ्यातच झोपू शकतो!