काका, बाजाराच्या तारखेबद्दल

नमस्कार काका,

इटलीतल्या आरेत्सोत मी गाइड म्हणून तुम्हाला फिरवलं, त्याबद्दलचा तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. दोन स्टार दिलेत. अँटिकचा बाजार दाखवते म्हणाल्या आणि चौकात एक टेबल नव्हतं, दुकानं एक वाजता बंद झाली, भाव करू दिला नाही, पाव अळणी होता, असं लिहिलंत. आणि शेवटी, "बाईंना स्वतःच्या गावचा बाजार कधी भरतो हेच माहीत नाही."

आधी माफी मागते. फ्लोरेन्सहून काकू, दादा, वहिनी आणि छोट्याला घेऊन एवढ्या उन्हात आलात ते बाजारासाठी, आणि तोच बघायला मिळाला नाही. वाईट वाटणारच. मलाही वाटलं.

पण ते शेवटचं वाक्य जिव्हारी लागलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आरेत्सोचा बाजार महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्याच्या आदल्या शनिवारी भरतो. बहुतेक महिन्यांत तो आदला शनिवार म्हणजे पहिलाच शनिवार असतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण १ तारखेलाच रविवार आला की आदला शनिवार मागच्या महिन्यात जातो. या जूनमध्ये नेमकं तेच झालं. बाजार ३१ मे आणि १ जूनला भरला आणि उठला. तुम्ही आलात ७ जूनला.

या तारखा मी तुम्हाला १८ एप्रिललाच मेसेजवर कळवल्या होत्या, तुमचा त्यावर "ओके" आहे. मग तुमचं व्हेनिसचं हॉटेल बदललं आणि २२ मेला तुम्ही लिहिलंत, "आता ७ ला येतो, पहिला शनिवारच आहे." मी उत्तर दिलं, "चालेल, १० वाजता स्टेशनवर." माझी चूक झाली ती इथे. त्या दिवशी बाजार नसेल, एवढं मी तिथल्या तिथे लिहायला हवं होतं. मला वाटलं, तारखा तुमच्याकडे आहेत, तेव्हा आता दुकानांसाठीच येताय. फोन करून विचारलं असतं तर हे सगळं टळलं असतं. ते केलं नाही, हा दोष माझा. मेसेज अजून माझ्याकडे आहेत, तुमच्याकडेही असतील, एकदा बघा.

पण बाजार कधी भरतो हे मला माहीत नाही, असं नका हो लिहू. चौदा वर्षं झाली मला या गावात. १९६८ साली इवान ब्रुस्की नावाच्या इथल्याच अँटिकवाल्यानं हा बाजार सुरू केला. त्यांचं घर आता म्युझियम आहे, सांता मारियाच्या जुन्या चर्चसमोर. आपण बाहेरून पाहिलं, तिथे छोट्यानं पायरीवर बसून पाणी प्यायलं होतं. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी पियात्सा ग्रांदेत, म्हणजे त्याच चौकात, घोडेस्वारांची जोस्त्रा, म्हणजे भाल्यांची स्पर्धा असते, म्हणून त्या महिन्यात टेबलं चौकाऐवजी गावात दुसरीकडे लागतात. तेही मी प्रत्येक पाहुण्याला आधी सांगते. बाजाराच्या शनिवारी मी सकाळी सातला चौकात असते, गाड्यांतून सामान उतरत असतं तेव्हा. कोण कुठे बसलाय, कुणाकडे या वेळी काय आलंय ते बघून ठेवते, मग दहाला पाहुण्यांना घ्यायला स्टेशनवर जाते. माझा अख्खा महिना त्या दोन दिवसांभोवती फिरतो.

दुकानं बंद झाल्याचं म्हणालात. दहाची वेळ ठरली होती, तुम्ही उतरलात ११:४० ला. गाडी चुकली असं काकूंनी सांगितलं. लहान मूल बरोबर असलं की होतं, त्याची माझी तक्रार नाही. पण इथली छोटी दुकानं एकला शटर ओढतात ती साडेतीन-चारला उघडतात, आणि स्टेशनपासून चौक म्हणजे कोर्सो इतालियाचा सगळा चढ. आपल्या हातात जेमतेम तास उरला. माझी फी तीन तासांची होती. तुम्हाला दुकानं मिळावीत म्हणून मी सहापर्यंत थांबले, वरचा एक युरोही घेतला नाही. हेही अभिप्रायात आलं असतं तर बरं वाटलं असतं.

पावाचं सांगते. आमच्या तोस्काना प्रांतात पाव मीठ न घालताच करतात, आणि तो खारट पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, आणि हॅमबरोबर खायचा असतो. काकू शाकाहारी आहेत म्हणून पेकोरिनोत बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ असतो, हे मीच सांगितलं. न सांगता पुढे ठेवता आलं असतं, दुकानदाराची विक्रीही झाली असती. मग तुम्ही पाव नुसता ऑलिव्ह तेलात बुडवून खाल्लात. अळणी लागणारच.

आणि भाव. त्या तांब्याच्या मेद्झिनाचे, म्हणजे इथल्या पाण्याच्या कळशीचे, दुकानदार आजोबांनी १४० युरो सांगितले. मी १२५ पर्यंत आणले होते. तुम्ही ५० म्हणालात आणि हसलात. बाजारातल्या टेबलावर थोडी घासाघीस चालते, पण ते बाराही महिने उघडं असणारं दुकान आहे. त्या आजोबांनी काही न बोलता कळशी उचलली, फडक्यानं पुसली आणि परत कपाटात ठेवली. मला त्यांच्याकडे उद्याही जायचं असतं, काका.

मी मूळची हुपरीची. आमच्या घरी चांदीचे पैंजण व्हायचे. वडील रात्री दिव्याखाली घुंगरं जोडत बसायचे, त्यामुळे सांधा कुठे हातानं डाग देऊन जोडलाय ते मला अजून नखानं कळतं. आरेत्सो सोन्याच्या दागिन्यांचं गाव आहे, म्हणून इथे पहिल्या दिवसापासून मला परकं वाटलं नाही. वहिनींनी कानातले घेतले तेव्हा मी भिंग काढून मागचा शिक्का दाखवला होता: ७५०, म्हणजे अठरा कॅरेट, आणि शेजारच्या चौकटीत चांदणी, बनवणाऱ्याचा नंबर आणि आरेत्सोचं 'एआर'. आधी वहिनींनी जे कानातले निवडले होते त्यांच्यावर शिक्का पुसट होता, ते मीच परत ठेवायला लावले. दुकानदाराकडून मी कमिशन घेत नाही, म्हणून मला हे करता येतं. माझी कमाई फक्त फीची.

इथून पुढे तारीख फोनवर बोलूनच पक्की करीन आणि मेसेजमध्ये बाजाराचा दिवस वेगळा लिहीन. बाकीही काही गोष्टी बघते आहे. फीपैकी काही परत करायचं का, ते घरी बोलून तुम्हाला कळवते.

माझं वर्ष उन्हाळ्याच्या चार महिन्यांवर निघतं. आज सकाळी जुलैला येणाऱ्या एका कुटुंबानं विचारलं, "तुमच्याकडे बाजार नक्की असतो ना?" तुमचा अभिप्राय वाचूनच विचारलं त्यांनी. जुलैचा बाजार ५ आणि ६ तारखेला आहे, हे मी त्यांना दोनदा लिहून पाठवलं.

काका, दोन स्टार राहू द्या. उन्हात पायपीट झाली, बाजार मिळाला नाही, हेही राहू द्या, ते खरं आहे. ते एक शेवटचं वाक्य तेवढं काढाल का?

काकूंना नमस्कार सांगा.