सोनं खरं आहे हे आम्हीही लिहून दिलं होतं: आपल्या एक स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

आपला अभिप्राय वाचला. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आपलं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. आजीच्या पेटीतला सोन्याचा शिवराई होन, म्हणजे शिवरायांच्या नावाचं सोन्याचं नाणं, आपण आमच्या नाण्यांच्या दुकानात दाखवायला आणला. आम्ही पाच मिनिटांत तो बनावट ठरवला आणि वर तपासणीचे पैसे घेतले. नंतर इतवारीतल्या एका सराफाने तेच नाणं बावीस कॅरेट अस्सल सोन्याचं असल्याचं सांगितलं. म्हणजे आमचा डाव ते स्वस्तात लाटायचा होता. नाण्याच्या कडेला ओरखडा पडला तोही आमच्यामुळे. आणि सारख्याच वजनाच्या दोन गिन्न्यांचे आम्ही दोन वेगळे भाव सांगितले, यावरूनच आमचा घोळ कळतो, असंही आपण लिहिलंय.

घरच्या ज्या गोष्टी आपण दुकानात बसून सांगितल्या त्या इथे येणार नाहीत. जे आपण स्वतः जाहीर लिहिलंय, तेवढ्यावरच बोलतो.

तर पहिली गोष्ट. त्या सराफाचं अगदी बरोबर आहे. आमच्या पावतीवर ‘धातू: सोने, 22 कॅरेट’ असंच छापलेलं आहे, पावती घरात असेल तर काढून बघा. नाणं आपल्यासमोर हवेत तोललं, मग पाण्यात तोललं, आणि घनता साडेसतरा ते अठराच्या मध्ये आली. शुद्ध सोन्याची 19.3 असते, बावीस कॅरेटची साधारण 17.7, शिशाची 11.3. म्हणजे आत शिसं भरून वरून मुलामा दिलेला हा माल नाही, हे आम्हीच आपल्याला आधी सांगितलं. टंच, म्हणजे शंभर भागांत सोनं किती, मशीनवरही 91.6 आला. सराफाला आपण विचारलंत ‘सोनं आहे का?’, त्याने होय म्हटलं. आम्हाला विचारलंत ‘होन आहे का?’, आम्ही नाही म्हटलं. दोन प्रश्न आहेत, म्हणून दोन उत्तरं आली.

‘खऱ्या सोन्याचं खोटं नाणं कोण कशाला करेल?’ हे आपलं वाक्य मला आवडलं, कारण काउंटरवर हाच प्रश्न सर्वांत जास्त येतो. जिथे नाण्याचा भाव आतल्या सोन्याच्या भावाहून जास्त असतो, तिथे करतात. गेल्या शतकाच्या मध्यावर लेबनॉनमध्ये, मुख्यतः बेरूतच्या आसपास, नकली ब्रिटिश सॉव्हरिन (आपण जिला गिन्नी म्हणतो ते सोन्याचं नाणं) पाडण्याचा मोठा धंदाच चालला होता. त्यातल्या कित्येकांत सोनं पुरेपूर होतं, कमाई होती ती वरच्या फरकावर. त्या गिन्न्या आजही फिरत आहेत. सॉव्हरिनसारख्या लाखोंनी निघालेल्या नाण्यावर जर हे परवडत असेल, तर शिवरायांच्या होनाचं काय बोलायचं? होन अत्यंत दुर्मीळ, आणि महाराष्ट्रात ज्याला नाण्यांतलं ओ की ठो कळत नाही त्यालाही तो हवाच असतो. अडीच-तीन ग्रॅम सोन्यात एवढा फायदा दुसऱ्या कुठल्या वस्तूत निघेल, सांगा.

आता आपल्या नाण्याकडे येतो, कारण ‘बनावट’ म्हणून हात झटकणं मलाही पटत नाही.

6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाचा सोन्याचा होन निघाला. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांची कड. वजन सुमारे 2.8 ग्रॅम. आपलं नाणं भरलं 3.4. साडेतीनशे वर्षांत नाणं झिजतं, कुणी कड तासून सोनं चोरतं, वजन उतरतं. वाढत मात्र नाही. खरं सांगायचं तर एवढ्यावरच माझी पाच मिनिटं पुरेशी होती, पण आपला जीव त्यात अडकलेला दिसला म्हणून पुढचं सगळं केलं.

भिंगाखाली अक्षरं बघितली. त्या काळी सोन्याची चकती खालच्या ठशावर ठेवून वरच्या ठशावर हातोडा मारत. त्या घावाने धातू अक्षराच्या खाचेत जोरात सरकतो, अक्षराची कड तुटक आणि ताठ उभी राहते, आजूबाजूला धातू वाहिल्याच्या बारीक रेघा दिसतात. आपल्या नाण्यावर अक्षरं गुळगुळीत, बुडाशी गोल झालेली, आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं. ती वितळलेल्या धातूत अडकलेल्या हवेची. म्हणजे नाणं ठोकलेलं नाही, साच्यात ओतलेलं आहे. किनारीवर साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ कानसीने घासून घालवलीय, पण सगळी गेलेली नाही.

मग ‘राजा’च्या खालचा तो खोलगट खड्डा. आपल्याला वाटलं की एवढी जुनी वस्तू, कुठेतरी पडली असेल. अगदी तोच खड्डा, त्याच जागी, त्याच तिरक्या आकाराचा, असलेल्या दुसऱ्या एका होनाचा फोटो माझ्या संग्रहात आहे. तो मी आपल्याला मोबाइलवर दाखवला होता. एकाच ठशातून निघालेल्या दोन नाण्यांची अक्षरं जुळू शकतात. पडून बसलेला मार जुळत नाही. जुळला, तर दोन्ही नाणी एकाच मार बसलेल्या नमुन्यावरून ओतली गेली असंच म्हणावं लागतं.

आणि मशीनच्या कागदावर, सोनं-चांदी-तांब्याच्या खाली, कॅडमियमचा अंश. केडीएम दागिने म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना कळतं: डाख द्यायला, म्हणजे सोन्याचे तुकडे वितळलेल्या धातूने जोडायला, सोन्यात कॅडमियम मिसळायचे, कारण त्याने टंच फारसा उतरत नाही. असे दागिने आटवले की बराचसा कॅडमियम धूर होऊन जातो, थोडा मागे राहतो. नाण्याला कडी नाही, कुठे डाख दिल्याची खूण नाही, म्हणजे तो धातूतच आहे. कॅडमियम हा धातू शोधला गेला 1817 साली, जर्मनीत. रायगडाच्या टांकसाळीत तो पोचायचं काही कारण नाही. कुणीतरी अलीकडचे दागिने आटवून हा होन ओतलेला आहे. 91.6 हा आजच्या हॉलमार्कचा आकडा बरोब्बर यावा हेही मला खटकलं, पण तेवढ्यावर मी निकाल दिला नसता. गिन्नीचाही टंच तोच असतो.

यातून आपल्या आजींवर कुणी शंका घेतलेली नाही, घेऊही नये. पेटीत वस्तू कधी आली, कुणी आणली, कुणी कुणाला काय सांगून दिली, याचा माग घरातल्या माणसांनाही लागत नाही. आपण लिहिलंय की पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत होते. असतील. मग एक विनंती, पेटीच्या तळाशी फारसी अक्षरांचे जाड, ओबडधोबड चांदीचे रुपये आहेत का बघा. नागपूरकर भोसल्यांचा रुपया दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडायचा, त्यावर भोसल्यांचं नाव नसतं, म्हणून लोक तो ‘मुसलमानी पैसा’ समजून चांदीच्या भावात मोडतात. 1854 मध्ये राज्य खालसा झालं, तरी ती नाणी इथल्या घराघरांत राहिली. चाकरीचा पगार त्यातच मिळत असणार. मला तर असा एक रुपया आपल्या होनापेक्षा जास्त खरा वारसा वाटतो.

ओरखड्याविषयी. कसोटीच्या दगडावर आम्ही नाणं कधीच घासत नाही, कारण घासलेल्या नाण्याची संग्राहकाच्या लेखी किंमत तिथेच पडते. मशीन आणि पाण्याच्या तपासणीत नाण्याला काही होत नाही. काउंटरवर नाणं घेताना दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो आपल्यासमोर काढतो, परत देताना पुन्हा काढतो. दोन्ही फोटोंत आपण म्हणता तो घासल्याचा पट्टा नाही. सराफाने कस लावला असेल तर त्याने त्याच्या धंद्याच्या रीतीप्रमाणेच केलं. दागिन्याला तसाच कस लावतात. फोटो हवे असतील तर पाठवतो.

लाटायचा डाव? आम्ही तो होन विकत मागितलाच नाही. पावतीवर ‘खरेदीचा प्रस्ताव नाही’ असं लिहिलेलं आहे. तपासणीचं शुल्क ठरलेलं असतं, नाणं खरं निघो वा खोटं. हा दर नाण्याच्या किमतीवर ठेवला असता तर प्रत्येक नाणं खरं ठरवण्यात माझा फायदा होता, आणि ‘खोटं निघालं तर फुकट’ ठेवलं असतं तर उलटा मोह झाला असता.

इंटरनेटवरच्या व्हिडिओत अशा होनाला कोटीच्या वर भाव सांगितला म्हणता. अशा जाहिरातींत आधी ‘नोंदणी शुल्क’ मागतात, मग ‘कर’ मागतात, आणि खरेदीदार कधी येत नाही. रिझर्व्ह बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्ये याबाबत लोकांना जाहीर सावध केलेलं आहे. आमच्याकडे धनत्रयोदशीच्या आसपास रामदरबाराचे टंके आणि जहांगीर बादशहाच्या, राशींची चित्रं असलेल्या सोन्याच्या मोहरा घेऊन जी रांग लागते, ती निम्मी याच व्हिडिओंनी पाठवलेली असते. रामटंका हे देवाचं, पूजेचं नाणं, चलन नव्हे. आणि राशींच्या मोहरांच्या नकला इतक्या निघाल्यात की खरी समोर आली तर मी आधी खुर्चीवर बसेन.

आता त्या दोन गिन्न्या, म्हणजे अभिप्रायातली शेवटची तक्रार. वजन सारखं, टंच सारखा, भाव वेगळा, बरोबर. पहिली सॉव्हरिन आहे, 7.98 ग्रॅम, पण तिला कधीतरी माळेत ओवायला कडी लावली आणि मग काढून टाकली. डाख दिल्याची जागा काळवंडलेली आहे, कड घासलेली आहे, शिवाय लक्ष्मीपूजनाला रिठ्याने चोळचोळून चेहऱ्यावर बारीक रेघा पडल्यात. संग्राहक तिच्याकडे बघणार नाही, म्हणून तिला सोन्याचाच भाव सांगितला. दुसरं नाणं मुळात गिन्नी नाहीच. त्याच्यावर ‘15 रुपये, 1918’ असं इंग्रजीत लिहिलेलं आहे. पहिल्या महायुद्धात लंडनहून गिन्न्या येणं अवघड झालं, तेव्हा मुंबईच्या टांकसाळीत त्याच वजनाचं, त्याच टंचाचं हे नाणं पाडलं. त्या वेळी एक पौंड म्हणजे पंधरा रुपये होते, म्हणून तो आकडा. हे फक्त 1918 चंच निघतं. आपलं नाणं तर कडी न लागलेलं, न घासलेलं आहे. त्याला सोन्याच्या वर चांगली रक्कम मिळते, आणि हे आम्ही न विचारता सांगितलं होतं. लाटायचंच असतं, तर ‘गिन्नी आहे’ म्हणून गप्प बसून ते घेतलं असतं.

ते नाणं भाच्याबरोबर अमेरिकेला पाठवून विकायचा विचार आपण लिहिलाय, तो मात्र सोडा. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. इथेच विका, किंवा ठेवा.

होनाबद्दल माझ्या शब्दावर थांबू नका. अंजनेरीला, नाशिकजवळ, नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे विचारा. देशातली कोणतीही नामांकित नाण्यांची लिलाव संस्था चांगल्या फोटोंवरून पहिलं मत देते, त्यांना दाखवा. त्यांच्यापैकी कुणीही लेखी ‘अस्सल होन’ म्हटलं, तर तपासणीचं शुल्क परत करीन आणि तसं इथेच, या उत्तराच्या खाली लिहीन. काढलेले फोटो आणि मशीनचा कागद पावती क्रमांक सांगितल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर मिळेल, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पंधरा रुपयांचं नाणं तोवर कुणालाही कसाला लावू देऊ नका.