कोंबडी वेडी नसते, खुराडं तापलेलं असतं

गेल्या पंधरा दिवसांत एकच मजकूर मला व्हॉट्सॲपवर चार वेगवेगळ्या गटांतून आला. ‘कोंबडीला अक्कल नसते, तिला घर कळत नाही. मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या संध्याकाळी आत येत नसतील तर दिवसभर दाणा बंद करा, सहाच्या ठोक्याला काठी घेऊन हाकला, पंख छाटा आणि खुराड्यात रात्रभर बल्ब लावा. आठ दिवसांत सरळ होतात.’ मी वाळवा तालुक्यात, घरामागच्या परड्यात, बावीस वर्षं गावठी कोंबड्या पाळते आहे. हे वाचून आज तिन्हीसांजेला कुणीतरी काठी उचलेल, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

‘कोंबडीला घर कळत नाही.’

हे मुळातच खोटं आहे. आपल्या कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. तिच्या पायांचा पिवळा रंग मात्र राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. हा राखी रानकोंबडा आपल्याकडे चांदोलीच्या आणि कोयनेच्या जंगलात आजही आरवतो. हे पक्षी अंधार पडायच्या आत फांदी गाठतात, कारण रात्री त्यांना फारसं दिसत नाही. कोंबडीच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी भरपूर असतात, अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी कमी. त्यामुळे कडूस पडू लागलं की उंच, निवांत जागा धरायची हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. ती जागा तिला तुमच्या खुराड्यात दिसते की शेवग्यावर, एवढंच बघायचं.

आमच्याकडे पूर्वी बांबूचं डालगं असायचं, ओसरीच्या कोपऱ्यात. सासूबाई दिवेलागणीला हाक मारायच्या, “कोंबड्या डालल्या का गं?” तेव्हा कोंबडी बाहेर राहिल्याचं मला आठवत नाही. पुढे आम्ही पत्र्याचं खुराडं बांधलं आणि पहिल्याच चैत्रात निम्म्या कोंबड्या शेवग्यावर चढायला लागल्या. मीही तेव्हा त्यांनाच बोल लावला. एका संध्याकाळी अंडं काढायला खुराड्यात हात घातला, तर आतली हवा भाजत होती. दिवसभर तापलेला पत्रा सूर्य मावळल्यावरही उष्णता सोडत असतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडी टाकून धापा टाकते, तोच तिचा थंड व्हायचा मुख्य मार्ग. अशा भट्टीत ती आपणहून का शिरेल? पत्र्यावर उसाच्या पाचटाचा वीतभर थर अंथरला, वाऱ्याच्या दोन बाजूंना तळहाताएवढी जाळीची खिडकी ठेवली. आठवड्याच्या आत शेवगा रिकामा झाला. कोंबड्या त्याच होत्या आणि त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं.

कारण उष्णतेचं नसेल तर रात्री बॅटरी घेऊन, खुराड्यात कोंबड्या ज्या दांडीवर बसतात तिच्या खालची फट बघा. तांबडे, बारीक किडे दिवसा फटीत लपतात आणि रात्री बाहेर येऊन बसलेल्या कोंबडीचं रक्त पितात. दिवसा खुराडं झाडणाऱ्याला ते दिसतच नाहीत. कालपर्यंत मुकाट आत जाणाऱ्या कोंबड्या अचानक दारात अडखळायला लागल्या, की मला आधी हीच शंका येते. दांडी काढून उन्हात टाकायची, फटी बुजवायच्या, आतून चुना मारायचा.

एकच कोंबडी रोज बाहेर राहत असेल तर गोष्ट वेगळी. कोंबड्यांत पहिली कोण, शेवटची कोण, हे ठरलेलं असतं. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांकडे बघूनच ही उतरंड मांडली. सगळ्यांत खालची तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, दारात गेली की वरच्या कोंबड्या तिला टोचतात, म्हणून ती बाहेर थांबते. तिला हट्टी म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. दांडी लांब करा, एका पक्ष्याला निदान वीतभर जागा मिळेल अशी. आणि दुसरं दार काढता आलं तर काढाच.

बाजारातून नवी आणलेली कोंबडी मात्र पहिल्या दिवशी सोडली तर परत येणार नाही. तिचं घर अजून तुमच्याकडे झालेलंच नसतं. आठ-दहा दिवस तिला आतच दाणापाणी द्या, मग सोडा.

‘दिवसभर दाणा बंद करा.’

यात खऱ्याचा एक कण आहे, म्हणून ते पसरतं. कोंबडी अंधार पडायच्या आधीच्या तासा-दोन तासांत गळ्याखालची पिशवी भरून घेते. रात्रभर तिला तेवढ्यावर काढायचं असतं. अंडं देणारी असेल तर कवचही बरंचसं रात्रीच तयार होतं, त्याला जवळजवळ वीस तास लागतात. त्यामुळे संध्याकाळचा दाणा हे तिला बोलवायचं सगळ्यांत चांगलं साधन आहे. पण दिवसभर उपाशी ठेवलेली कोंबडी दाण्याच्या शोधात आणखी लांब जाते, शेजाऱ्याच्या उसात शिरते आणि अंडीही कमी करते. सकाळी नेहमीचं खाणं द्यावं. ज्वारी किंवा मक्याच्या कण्या यांतलं जे तिला जास्त आवडतं, ते फक्त संध्याकाळी आणि फक्त खुराड्याच्या आत टाकावं. मी दाणे पत्र्याच्या डब्यात ठेवते आणि आधी डबा वाजवते. महिन्याभरात डब्याचा आवाज ऐकूनच त्या पळत येतात.

‘सहाच्या ठोक्याला काठी घेऊन हाकला.’

कोंबडी घड्याळ बघत नाही. आपल्याकडे नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आत मावळतो, जूनअखेर सव्वासातच्या आसपास. सहाचा नियम धरला तर पावसाळ्याच्या तोंडाला तुम्ही तिला भर उजेडात हाकत असता. ती जाणार नाही, आणि तिचंच बरोबर असतं.

काठीबद्दल मला मनापासून चीड आहे. शेजारच्या एका पोराने माझी काबरी कोंबडी अशीच हाकलली. ती दारासमोरून उधळून थेट उसात गेली. अंधार पडला, तिला पुढचं दिसेना, ती जिथे होती तिथेच बसून राहिली. सकाळी पाटाच्या कडेला पिसं सापडली. आपल्या भागात मुंगूस आहे, रानमांजर आहे, मोकाट कुत्री आहेत, उसात बिबट्या आहे. मार खाल्लेली कोंबडी खुराड्याकडे यायला शिकत नाही, माणूस जवळ आला की पळायला शिकते. वळवायच्याच असतील तर दोघांनी दोन बाजूंनी हात पसरून, न बोलता, त्यांच्या चालीने चालावं आणि दाराची बाजू मोकळी सोडावी.

‘पंख छाटा.’

एका पंखाची लांब पिसं कापली की कोंबडी झाडावर चढत नाही, हे खरं. पण त्याने ती खुराड्यात येत नाही, जमिनीवर कुठेतरी बसते, आणि कुत्रं आलं तर तिला उडूनही जाता येत नाही. पिसं झडून नवी आली की पुन्हा पहिल्यासारखंच. नव्या पिसात रक्त असतं, ते चुकून कापलं गेलं तर भळभळतं.

‘रात्रभर बल्ब लावा.’

दिवेलागणीला बाहेर उजेड आणि आत काळोख असतो, म्हणून कोंबडी दारात थबकते, हे बरोबर. तेवढ्यापुरता मंद दिवा कामाचा आहे. सगळ्या आत जाऊन दांडीवर बसल्या की पंधरा-वीस मिनिटांत तो घालवा. झोपायला तिलाही अंधार लागतो. रात्रभर ऊब फक्त लहान पिल्लांना हवी असते.

आणि आज संध्याकाळी तुमची कोंबडी झाडावरच बसलेली असेल तर आत्ता तिच्यामागे धावू नका. पूर्ण अंधार पडू द्या. मग शिडी लावून जा, बॅटरी तिच्या तोंडावर मारू नका, दोन्ही पंख अंगाशी धरून दोन हातांनी उचला. पायाला धरून उलटी लटकवू नका. खुराड्याच्या दांडीवर बाकीच्यांच्या मध्ये ठेवून दार लावा. तीन-चार रात्री हे करावं लागेल. आणि उद्या दुपारी कडक उन्हात खुराड्यात हात घालून बघा.