निराकाराचे आकार

महिनाभर आम्ही घराला कुलूप लावून बाहेर होतो. निघताना मी फ्रिज रिकामा करून त्याच्या दाराला खुर्ची टेकवून ठेवली, सगळी बटणं दोनदा तपासली आणि शेवटी मेन स्विचच पाडला. जिना उतरताना मनात एकच गोड विचार होता: या महिन्याचं विजेचं बिल शून्य. शून्य मिळावं म्हणून मी आयुष्यात कधी कष्ट घेतले नव्हते. शाळेत मिळाली ती न मागता मिळाली. हे मात्र कमावलेलं होतं.

परत आलो तर दाराच्या फटीत बिल. चप्पल न काढताच उघडलं. वापरलेली युनिटं: शून्य. वा! डोळे सावकाश खाली नेले. भरायची रक्कम मात्र शून्य नव्हती.

एक कबुली आधीच देतो. आजवर मी विजेचं बिल दोनच ठिकाणी वाचत आलो, रक्कम आणि शेवटची तारीख. मधला मजकूर म्हणजे औषधाच्या खोक्यातला तो घड्या घातलेला पातळ कागद. तो असतो, पुन्हा तशीच घडी घालता येत नाही, आणि त्यात काय लिहिलंय ते आपल्याला लागू नसावं अशी आशा करायची. या वेळी पहिल्यांदाच मधलं वाचलं. वीज आकार. स्थिर आकार. वहन आकार. जिला रंग नाही, रूप नाही, गंध नाही, अशा निर्गुण निराकार वस्तूला एका कागदावर इतके आकार! संतांना जे जन्मभर दिसलं नाही ते आमच्या वीज कंपनीने छापून दाखवलं होतं.

वीज आकार समजला. वापरली तेवढीचे पैसे. वापरली नाही म्हणून शून्य. स्थिर आकार नावातच कबुली देऊन बसला होता: मी इथून हलणार नाही. खरा घोळ वहनाचा. त्याचे म्हणे दोन भाग, एक दर युनिटामागे आणि एक ठरलेला. पहिला बिचारा माझ्याबरोबर शून्यावर आला होता. दुसरा दिमाखात उभा.

"वहन म्हणजे डिलिव्हरी ना?" बायको म्हणाली. "मग ठरावीक रकमेच्या वर फुकट असेल. थोडी जास्त वापरून बघायची का?"

मी मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा आवाजावरून पंचविशीच्या आतला आणि अतिशय सभ्य होता. माझं निम्मं अवसान तिथेच गळालं. सभ्य माणसाशी भांडणं हे फार कौशल्याचं काम आहे.

"वहन आकार म्हणजे वीज तुमच्या घरापर्यंत पोचवण्याचा खर्च, सर."

"पण महिनाभर तुम्ही काही पोचवलंच नाही."

"पोचवायची व्यवस्था चालू होती, सर."

"म्हणजे मी काही मागवलं नाही, तुम्ही काही आणलं नाही, तरी आणून दिल्याचे पैसे?"

"रस्ता तयार होता, सर."

"बरं, मी स्वतः येऊन घेऊन गेलो तर?"

"काय, सर?"

"वीज. मी येतो आणि घेऊन जातो. पिशवी माझी मी आणेन."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग "वरिष्ठांना जोडतो सर" असं म्हणून त्याने मला होल्डवरच्या संगीताच्या हवाली केलं. फोन कटण्याआधी लांबवर दोघंतिघं हसल्यासारखं ऐकू आलं. त्या दिवशी त्या कचेरीत मी थोडा आनंद पोचवला. त्याचा आकार मी लावलेला नाही.

वरच्या मजल्यावरचे नाना निवृत्त आहेत. त्यांचा उभा जन्म सबस्टेशनात गेला. ते अजूनही लाईट गेली की आधी मेणबत्ती शोधत नाहीत, खिडकीतून बाहेर बघून "एकच फेज गेलाय" असं जाहीर करतात. बिल घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"आधी मला सांग, तुझ्याकडे येतं काय?" नाना म्हणाले.

"वीज."

"म्हणजे?"

"म्हणजे... इलेक्ट्रॉन. तिकडे तयार होतात, तारेतून इकडे येतात, बल्बात जळतात."

नानांनी डोळे मिटून घेतले. ज्याचा जन्म सबस्टेशनात गेला त्याला हे ऐकताना काय वाटलं असेल ते आता कळतं. "अरे, इलेक्ट्रॉन तयार होत नाहीत आणि जळतही नाहीत. तुझ्या तारेतले तुझ्याच तारेत असतात. घरात येतो तो एसी प्रवाह. सेकंदाला पन्नास वेळा, काही देशांत साठ वेळा, ते नुसते पुढे-मागे झुलतात. जागा सोडत नाहीत. अगदी बॅटरीच्या एकाच दिशेच्या प्रवाहातसुद्धा त्यांची चाल गोगलगायीला लाजवेल अशी. तारेतून मीटरभर जायला त्यांना तासन्तास लागतात."

मला हवं होतं ते मिळालं. "म्हणजे माल आलेलाच नाही! नाना, मी आजवर पाळणा हलवल्याचे पैसे भरतोय!"

"माल येत नाही. धक्का येतो. तिकडे ढकललं की इकडे जवळपास प्रकाशाच्या वेगाने जाणवतं."

"तो जाणवला. पाकीट उघडल्याबरोबर."

नानांनी पुढे जे समजावलं ते सांगताना माझ्या हातून त्याचं काय होईल ते होवो. तारेतून प्रवाह गेला की तार तापते. तापणं म्हणजे वाटेत सांडणं. आणि सांडण्याचा हिशोब सरळ नाही: प्रवाह दुप्पट केला तर नुकसान चौपट. म्हणून लांब पाठवायचं तर दाब, म्हणजे व्होल्ट, वाढवायचा आणि प्रवाह कमी करायचा. व्होल्ट दहापट केले की तेवढीच वीज दहाव्या भागाच्या प्रवाहात जाते आणि त्याच तारेतलं नुकसान शंभरावा भाग उरतं. म्हणून वीज केंद्रातून निघताना तिला काही लाख व्होल्टवर चढवतात. तशी ती आपल्या मिक्सरपर्यंत आली तर मिक्सरसकट आपणच वाटले जाऊ. म्हणून वाटेत रोहित्रांतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरांतून, एकेक पायरी उतरवत कोपऱ्यावरच्या डीपीपर्यंत आणायची आणि मग घरात सोडायची. प्रत्येक पायरीला लोखंड, तांबं, तेल, चिनीमातीच्या चकत्या आणि रात्री-अपरात्री फांदी पडली की शिडी घेऊन जाणारा माणूस. एवढं करूनही चांगल्या जाळ्यातसुद्धा शंभरातली चार-पाच युनिटं वाटेत उष्णता होऊन जातातच.

"म्हणजे पाखरांना बसायला तारा गरम करतात, त्याचेही पैसे मीच भरतो?"

"तूच," नाना समाधानाने म्हणाले. "थॉमस एडिसनने 1882 मध्ये न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर वीज केंद्र सुरू केलं, तेव्हा दाब होता साधारण 110 व्होल्ट. डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह. दाब चढवायची-उतरवायची सोय नाही. त्यामुळे गिऱ्हाईक मैलभराच्या आतलंच हवं. त्या काळी असतास तर पिशवी घेऊन जायची तुझी कल्पना निदान अंतराच्या दृष्टीने बरी होती."

(फोनवरचं बोलणं मी नानांना सांगितलेलं नव्हतं. बायकोने सांगितलं होतं.)

मला आवडला तो एडिसनचा मीटर. बरणीत जस्ताच्या क्षाराचं द्रावण, त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. प्रवाहाचा छोटासा हिस्सा त्यातून जायचा, एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर बसायचं. महिन्याच्या शेवटी माणूस यायचा, पट्ट्या न्यायचा, तराजूत तोलायचा आणि वजनावरून बिल व्हायचं. किती स्वच्छ कारभार! काट्याला बोट लागतंय का, एवढं तरी बघता आलं असतं. पुढे 1889 मध्ये ओट्टो ब्लाथी नावाच्या हंगेरियन अभियंत्याने युनिटं मोजणारा मीटर केला आणि मग फिरणारी चकती आली. आमची आई त्या चकतीकडे बघून घरातला कुठला पंखा चालू राहिलाय ते ओळखायची. आता डिजिटल मीटर आलाय. तो फक्त डोळा मिचकावतो, आणि तो नेमका कशाबद्दल मिचकावतोय ते मला आता कळायला लागलं आहे.

पण माझ्या मूळ दुखण्याचं मूळ सापडलं ते पुढे. 1892 मध्ये जॉन हॉपकिन्सन नावाच्या इंग्रज अभियंत्याने मांडलं की वीज पुरवण्यातला मोठा खर्च विजेचा नसतो, तयारीचा असतो. संध्याकाळी सगळे एकदम दिवे लावतात. त्या एका घटकेला पुरतील एवढी यंत्रं आणि एवढ्या जाड तारा वर्षभर सांभाळाव्या लागतात, बाकीचा वेळ त्या लोळत पडल्या तरी. म्हणून बिलाचे दोन भाग करा, एक तयारीचा आणि एक वापराचा. कुठे त्या तयारीला स्थिर आकार म्हणतात, कुठे जोडणीचा, कुठे सगळं वहनातच कोंबतात. नाव कुठलंही असो, माझ्या कुलूपबंद घरात महिनाभर राहून गेला तो हा हॉपकिन्सन.

नाना उठता उठता म्हणाले, "तारेवर आकडा टाकला तर गुन्हा."

"आणि बिलात टाकला तर आकार," मी वाक्य पूर्ण केलं. आमच्यात एकमत झालेला तो एकमेव मुद्दा.

समजलं म्हणून राग गेला असं नाही. उलट आता रागाला शास्त्रीय बैठक आली. मी सूड घ्यायचं ठरवलं. वापर निम्म्यावर आणायचा. बैठकीत दहा वॉटचा एकच दिवा. तो शंभर तास जळेल तेव्हा कुठे एक युनिट. टीव्हीला बटणापासून तोडलं. इस्त्री कपाटात गेली आणि मी सुरकुतलेला कचेरीत जाऊ लागलो. आई दोनदा स्टुलाला धडकली. तिसऱ्यांदा स्टूल बाजूला होतं, ती माझ्यावर धडकली. मी अंधारात मीटरचा आकडा वहीत उतरवत होतो.

महिन्याअखेर बिल आलं. वापर खरोखर निम्म्यावर आला होता. मग मी एक करू नये ती गोष्ट केली: एकूण रकमेला युनिटांनी भागलं. एक युनिट मला पूर्वीपेक्षा महाग पडलं होतं! ठरलेला आकार तेवढाच, वाटून घ्यायला युनिटं निम्मी. वीज वाचवून मी तीच वीज स्वतःला चढ्या भावाने विकत होतो. त्याच झटक्यात आधीच्या महिन्याची रक्कम शून्य युनिटांनी भागून बघितली. कॅल्क्युलेटरने हात टेकले. गणिताच्या भाषेत, त्या महिन्यात न वापरलेली वीज मी अनंत दराने खरेदी केली होती.

शेजारच्या इमारतीत एकाच्या गच्चीवर सौरपट्ट्या आहेत आणि भेटेल त्याला तो "आमचं बिल शून्य" सांगतो. त्याला एकदा खोदून विचारलं. युनिटं शून्य, ठरलेला आकार चालू. त्याचीही वीज ये-जा करते ती त्याच तारांवरून. त्या दिवशी मला फार दिवसांनी शांत झोप लागली.

"मी कनेक्शनच तोडतो," मी जेवताना जाहीर केलं.

"पुन्हा जोडायचा आकार वेगळा," बायको म्हणाली. नाना हल्ली तिलाच सगळं सांगतात.

"पण काही न करता महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यायचे, याला काही अर्थ?"

आईने पानातून मान वर केली. "रविवारी तू सकाळपासून लोळतोस. इकडची काडी तिकडे करत नाहीस. तरी वेळेवर पान मांडावं लागतंच की नाही? तो तुझा स्थिर आकार. आम्ही कधी फोन केला कुठे?"

पानात वाढलं होतं ते मी मुकाट्याने संपवलं आणि, असाधारण गोष्ट म्हणजे, ताट उचलून ठेवलं.

एक मात्र नोंदवतो. विजेच्या सगळ्या व्यवहारात आभाळातली वीज तेवढी मोठ्या मनाची. एका फटक्यात कोट्यवधी व्होल्ट, थेट घरपोच, वहन आकार नाही. पण तिचं गिऱ्हाईक पुन्हा मागवायला उरत नाही, त्यामुळे तो धंदा वाढला नसावा.

शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री मी बिल भरायला फोन हातात घेतला. ग्राहक क्रमांक घातला, रक्कम आली, कार्ड निवडलं. 'पुढे जा' दाबणार, तोच खाली बारीक अक्षरात एक नवी ओळ उगवली: सुविधा शुल्क. पुन्हा वाचली. वीज त्यांनी माझ्याकडे पोचवली, तेव्हा पोचवण्याचे पैसे माझे. आता पैसे मी त्यांच्याकडे पोचवतोय, तर पोचवण्याचे पैसे पुन्हा माझेच!

मी 'रद्द करा' दाबलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रोख घेऊन स्वतः बिल भरणा केंद्रावर गेलो. रांगेत दीड तास उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी जुन्या थकबाकीवरून नजर फिरवली. "युनिटं शून्य? भरायला आलात की भांडायला?"

"भरायला," मी म्हणालो. "स्वतः आणून देतोय. वहन माझं."

त्यांना काही कळलं नाही. शिक्का मारून त्यांनी पावती सरकवली. जाण्यायेण्याला किती भाडं पडलं ते घरी कुणी विचारलेलं नाही, आणि मीही कुठे लिहून ठेवलेलं नाही.