नाव सोडून सगळं

माणसाचं नाव सोडून बाकी सगळं लक्षात ठेवायची मला जन्मजात देणगी आहे. समोरून येणाऱ्या गृहस्थांचा कोणता गुडघा दुखतो, मेहुण्याशी त्यांचं कशावरून बिनसलं, मुलीनं नोकरी का सोडली, हे मी झोपेतही सांगेन. नाव तेवढं विचारू नका. अशा वेळी मी 'काय, कसं काय!' इतक्या जोरात म्हणतो की आपण याचे फारच लाडके आहोत, असा समोरच्याचा समज होतो. खरी पंचाईत बायको सोबत असते तेव्हा. ओळख करून द्यायची वेळ आली की मी 'अगं, यांना तू ओळखतेसच' म्हणून अंग काढून घेतो. ती सरळ 'नाही बाई' म्हणते आणि शांतपणे माझ्या तोंडाकडे बघत राहते.

घरच्यांचं निदान ठरलेलं : वय. वयानं हे वाढतं, हे खरंच. पण लोकांना रोजनिशी ठेवायला लावून जे अभ्यास झाले, त्यांत तरुणांचंही आठवड्यातून एखाद्या वेळी असंच अडतं, असं दिसलं. ते तेवढ्यात मोबाइल काढतात आणि आपण डोकं खाजवतो, एवढाच फरक.

ब्रूस आणि यंग या ब्रिटिश संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलं, की आधी चेहरा ओळखीचा वाटतो, मग हा कोण, काय करतो ते आठवतं आणि नाव सगळ्यांत शेवटी. म्हणजे गुडघा आधी आणि नाव नंतर, हा माझा आगाऊपणा नसून मेंदूचा शिरस्ता आहे. पुढच्याच वर्षी एक फार मजेदार प्रयोग झाला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय सांगितला. नंतर विचारलं, तर व्यवसाय पटापट आठवले, आडनावं नाहीत. आणि शब्द एकच असला तरी तसंच! म्हणजे हा माणूस सुतारकाम करतो हे ध्यानात राहतं, पण याचं आडनाव सुतार आहे हे राहत नाही. सुतारकाम म्हटलं की करवत, रंधा, भुसा, नाकात जाणारा लाकडाचा वास, सगळं एकमेकांना धरून येतं. आडनावाला धरायला काहीच नाही. एकाच चिमट्यावर लोंबणाऱ्या मोज्यासारखं ते टांगलेलं असतं.

वस्तूंचं बरं असतं. शब्द अडला तर 'ते दे रे, ते, गोल' म्हणून हात पुढे करता येतो. शिवाय भांड्याला पातेलं म्हटलं काय किंवा टोप म्हटलं काय, कुणी रागावत नाही. माणसाला मात्र दुसरा शब्द चालत नाही. 'अहो गोल' म्हणून बघा.

आणि आठवत नाही म्हणजे डोक्यात शुकशुकाट असतो, असंही नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १८९० मध्येच लिहून ठेवलंय, की विसरलेल्या नावाच्या जागेला स्वतःचा आकार असतो. चुकीचं नाव तिथे बसवायला गेलं की ती जागा ते लगेच परत करते. १९६६ मध्ये हार्वर्डमधल्या ब्राउन आणि मॅकनील यांनी हे मुद्दाम घडवून आणलं. विद्यार्थ्यांना अवघड शब्दांचे फक्त अर्थ वाचून दाखवले, उदाहरणार्थ समुद्रावर ताऱ्यांची उंची मोजायचं उपकरण. शब्द ओठांवर येऊन अडला, तरी पहिलं अक्षर ते निम्म्याहून अधिक वेळा बरोबर सांगत. मलाही अक्षर सापडतं. 'म' आहे, नक्की 'म' आहे. मग मनोहर, मधुकर, मुकुंद असे सगळे बिनकामाचे लोक दारात गर्दी करतात आणि ज्याला बोलावलंय तो मागेच राहतो. (शेवटी तो माधवही नसतो, प्रभाकर निघतो. आत 'भा' होता म्हणून कुठेतरी ओठ मिटल्यासारखं वाटलं असावं, अशी मी माझी समजूत घालतो.)

डोकं ताणल्यानं फायदा होत नाहीच, उलट तोटा होतो. कॅनडातल्या एका प्रयोगात, जे जितका जास्त वेळ शब्दाशी झटत बसले, ते पुढच्या वेळी त्याच शब्दावर अडण्याची शक्यता तितकी वाढली. न आठवण्याचाच सराव होतो म्हणे. त्यापेक्षा सरळ कुणाला तरी विचारावं. म्हणून मी हल्ली विचारतो.

"अगं, तो कोण गं, उंच, सारखा घसा खाकरणारा?"

"तो नाही का, ज्याचा भाऊ परदेशात गेला आणि वर्षात परत आला."

"हां, तोच! नाव काय त्याचं?"

"आत्ता होतं रे ओठांवर. तू विचारलंस आणि गेलं."

मग आम्ही त्याच्यावर अर्धा तास बोलतो. भाऊ का परतला, वहिनीचं काय म्हणणं होतं, घर शेवटी कुणाच्या नावावर झालं. एकदाही घोटाळा होत नाही. कान देऊन ऐकणारी मुलगी शेवटी वैतागून विचारते, "पण हे चाललंय कोणाबद्दल?"

"अगं, तोच!" आम्ही दोघं एकदम म्हणतो.