आपली बदनामी आपणच कशी पूर्ण करावी

ऑफिसात आपल्याबद्दल काहीतरी शिजतंय हे आपल्याला सगळ्यांत शेवटी कळतं. तुम्ही प्रिंटरपाशी जाता, तिथले दोघं एकदम हवापाण्यावर बोलायला लागतात, आणि एरवी मान वर न करणाऱ्या अकाउंट्सच्या मॅडम विचारतात, "बरं आहे ना सगळं?" मग एखादा सज्जन तुम्हाला जिन्यात गाठतो. "माझं नाव कुठे घेऊ नका हं" म्हणत सांगतो, की शेजारच्या टेबलावरचा सहकारी सगळीकडे म्हणत फिरतोय, खोटी बिलं लावली म्हणून तुम्हाला प्रोजेक्टवरून काढलं. प्रत्यक्षात बदली तुम्हीच मागितली होती. तो मेलही अजून पडून आहे.

अभिनंदन. अर्धं काम त्यानं उरकलंय. उरलेलं तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही.

आजच रात्री अख्ख्या डिपार्टमेंटला मेल टाका. विषय: 'माझ्याविषयीच्या खोट्या अफवांबाबत खुलासा'. ज्या तिघांच्या कानावर गोष्ट गेली होती त्यांना त्यात नवीन काही नाही, पण ज्यांना गंधही नव्हता त्यांची चांगली सोय होईल. सकाळी प्रत्येकजण प्रत्येकाला विचारेल, "कसली बिलं?" बदली मागितल्याचा तो जुना मेल मात्र चुकूनही जोडू नका. एका ओळीत प्रकरण संपेल.

मॅनेजर किंवा एचआरकडे लेखी तक्रार करायचा मोह होईल, तो आवरा. अधिकार असलेल्या वरिष्ठाकडे सद्भावनेनं केलेली तक्रार ही बदनामी नव्हे, असा अपवाद कायद्यानंच दिलाय. इतकं सुरक्षित काम करण्यात काय मजा? त्यापेक्षा कँटीनमध्ये उभं राहून त्याच्या घटस्फोटाचं खरं कारण सांगा. या बोलण्याला तो अपवाद लागू नाही आणि साक्षीदार भरपूर. आता फिर्याद त्यालाही करता येईल.

नोंदी ठेवणं हा कारकुनी स्वभाव झाला. '12 तारीख, साडेअकरा, प्रिंटरपाशी, अमुक दोघांसमोर, नेमके हे शब्द' असलं वहीत कोण लिहितं? तो काय म्हणाला ते तुमच्या काळजावर कोरलं गेलंय. अडचण इतकीच, की दाव्यात नेमके शब्द मांडावे लागतात आणि काळजावर कोरलेले शब्द दर आठवड्याला वाढत जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलं असेल तर संतापाच्या भरात डिलीट करा आणि फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. फोनच नसला की तीही कटकट मिटली.

"कोर्टात खेचीन!" हे वाक्य मात्र रोज म्हणा. चहाच्या मशीनपाशी चांगलं घुमतं. तो घाबरेलच, न घाबरायला काय झालं? भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीला 2 वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र असल्यानं पोलीस तुमच्या फोनवर बेड्या घेऊन धावत येत नाहीत. फिर्याद घेऊन तुम्हालाच मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं. हे ठाऊक नसल्यासारखं बोललात की आवाजाला धार येते.

वकिलाकडे गेलातच, तर सगळं गाठोडं न्या. तो मला 'रटाळ' म्हणाला, वाढदिवसाचा केक माझ्यापर्यंत आलाच नाही, माझ्याकडे बघून दात काढतो. 'रटाळ' हे मत आहे, त्यावर सहसा दावा उभा राहत नाही. 'खोटी बिलं लावली' हे तपासता येणारं विधान आहे आणि खरा मुद्दा तोच. म्हणून तो शेवटी, उठता उठता सांगा. एखाद्या टॅक्सीच्या बिलात तुम्ही खरंच थोडा हात मारला असेल, तर ते बिलकूल सांगू नका. सत्य हा नुकसानभरपाईच्या दाव्यातला समोरच्याचा सगळ्यांत भक्कम बचाव. तो बचाव त्याचा वकील शोधून काढेलच; त्याच्या अशिलाचे पैसे कशाला वाचवा?

आणि घाई कशाला? काळ हे औषध आहे म्हणतात. 1963 च्या मुदत कायद्यानं बदनामीच्या नुकसानभरपाईच्या दाव्याला 1 वर्ष दिलंय; तेवढ्यात हे औषध चांगलं मुरतं. आधी वार्षिक अप्रेझल होऊ द्या, मग सण, मग मुलांच्या परीक्षा.

तेराव्या महिन्यात निवांत वेळ काढून जा. वकीलसाहेब चष्मा पुसतील आणि विचारतील, "नक्की काय म्हणाला तो?"

"म्हणजे... असंच काहीतरी. बिलांचं."

"केव्हा?"

तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघाल. ते यंदाचं असेल.